अर्धी छागळ

त्या दिवशी छागळीतलं निम्मं पाणी मी ओतून दिलं आणि त्याचा दोष माझ्या मित्राच्या माथी बसू दिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं सांगताना स्वतःला सांभाळून घ्यायचा मोह मला होणार.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा होता. नगरला वसतिगृहात आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. एक पाथर्डीच्या पलीकडच्या खेड्यातला, एक बेलापूरचा आणि मी पारनेरचा. गावावरूनच आम्ही एकमेकांना हाक मारत असू. परीक्षा संपली तेव्हा पाथर्डीकर म्हणाला, "माज्या गावाला चला. पण एस्टीनं न्हाई, चालत." दोन दिवसांची वाट होती. बेलापूरकराला ती गंमत वाटली. मला नाही म्हणायची लाज वाटली.

छागळ पाथर्डीकरानंच आणली. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, खांद्याला अडकवायची. नवी छागळ आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी लागते. मग कापड फुगतं, शिवणी आवळतात आणि पाणी नुसतं पाझरत राहून गार होतं. नाहीतर दोन तासांत निम्मी गळून जाते. त्यानं ती वसतिगृहाच्या हौदात, वर दगड ठेवून बुडवली होती. निघायच्या दिवशी पहाटे त्यानं ती बाहेर काढली तेव्हा मी शेजारीच दात घासत उभा होतो.

पहिल्या दिवशी करंजीचा घाट उतरून पायथ्याच्या एका शाळेच्या पडवीत आम्ही मुक्काम केला. सकाळी विहिरीवर गेलो तर तळाशी परातभर पाणी, आणि ते साचेल तसं भरून घेणाऱ्या बायकांची रांग. एकीची घागर नुकतीच भरली होती. तिला खडी फोडायच्या कामावर जायचं होतं. पाथर्डीकरानं आपलं गाव सांगितलं. तिनं जास्त काही विचारलं नाही. पदर धरून, गाळून, आपल्या घागरीतलं पाणी आमची छागळ भरेपर्यंत ओतलं.

"म्होरं दुपारपत्तुर पानी न्हाई बाबांनो," ती म्हणाली. "जपून प्या."

छागळ आळीपाळीनं घ्यायची ठरलं होतं. नियम पाथर्डीकराचा : ज्याच्या खांद्यावर छागळ, त्यानं शेवटी प्यायचं, आणि तिघं थांबल्याशिवाय तिचं तोंड सोडायचं नाही.

सडक सोडून आम्ही गाडीवाटेला लागलो. रानात पीक नव्हतं, बांधावर गवत नव्हतं. भेगाळलेल्या जमिनीवरून नजर लांबवर जाई आणि कशालाही न अडता परत येई. तरी चालायला बरं वाटत होतं. पावलं एका लयीत पडत होती. बेलापूरकराची बडबड चालू होती.

"आमच्याकडं एवढ्यात तीन पाट ओलांडले असते."

"मग तितंच ऱ्हायचं हुतं पवत," पाथर्डीकर म्हणाला.

दुसरी पाळी माझी होती. ओली छागळ कमरेवर आपटत होती, पट्टा खांद्यात रुतत होता, सदरा चिकटला होता. लांब चार-पाच झाडं दिसली. तिथं विहीर असणार, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं. चपलेत खडा गेलाय म्हणून मागे राहिलो, बाभळीआड गेलो, पोटभर प्यायलो आणि तेवढ्यानं ओझं फारसं कमी होईना म्हणून छागळीचं तोंड खाली करून पाणी ओतलं. जमिनीनं ते क्षणात पिऊन टाकलं. मग छागळ बांधून मी त्या दोघांना गाठलं.

त्या झाडांखाली विहीर होती. कोरडी.

पाथर्डीकरानं छागळ हातात घेतली आणि वजन पाहून थबकला. बेलापूरकर खाली बसत म्हणाला, "लेका, छागळ भिजवली होतीस, का तूच रातभर हौदात बसला होतास?"

"भिजवली हुती रं."

"मग पाणी काय चालत पुढं गेलं?"

पाथर्डीकर शिवणीवरून बोटं फिरवत राहिला. शिवणी घट्ट होत्या. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा नीट करत होतो. "नवी हाय," तो शेवटी म्हणाला. "ऱ्हायली आसंल कच्ची." मग त्यानं आम्हा दोघांना प्यायला लावलं. स्वतः प्यायला नाही. "मला सवय हाय," म्हणाला.

त्यानंतरची तीन तासांची वाट तो आमच्या पुढे चालला. एरवी प्रत्येक टेकडीचं नाव सांगणारा मुलगा, पण तोंडाला कोरड पडली होती म्हणून म्हणा, एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत चाललो. सांगून टाकायला तीन तास पुष्कळ होते.

घरी त्याची आई खडीच्या कामावरून नुकतीच आली होती. बेलापूरकरानं तिला सगळी हकिगत रंगवून सांगितली.

"येवढं शिकून एक छागळ भिजिवता येईना तुला?" ती मुलाला म्हणाली. "लोकाची लेकरं उन्हातान्हात तानंनं मारली आसती." तो मान खाली घालून ऐकत होता. मीही ऐकत होतो.

ती थट्टा मग त्याला चिकटली. वसतिगृहात कुणी बाहेरगावी निघालं की "पाणी पाथर्डीकराकडं देऊ नका" हे ठरलेलं. पुढे तो त्याच्याच भागात शिक्षक झाला, मी नगरला कचेरीत चिकटलो. वर्षातून एकदा तरी भेटत होतो. दरवेळी आज सांगायचं असं ठरवून जायचो आणि जेवून परत यायचो.

मागल्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीची सुपारी फुटली. मुलाकडची माणसं ओसरीवर बसली होती, त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून होती. बेलापूरकर आला होता. त्यानं पाहुण्यांना तीच गोष्ट सुरू केली आणि सगळे हसले. मुलाचे चुलते म्हणाले, "खरं का हो, गुरुजी?"

"व्हय," तो हसून म्हणाला. "गळली हुती खरी."

वीस वर्षांनंतरही तो माझा दोष आपल्या अंगावर घेत होता, तोही नव्या सोयऱ्यांसमोर. मला बसवेना.

"गळली नव्हती," मी म्हणालो. "पाणी मी ओतलं. जड झालं म्हणून. यानं छागळ रात्रभर भिजवली होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आई, तुम्ही त्या दिवशी याला बोललात ते मला बोलायला हवं होतं."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या मुलाकडे. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. इतकी वर्षं मनात जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"चुकलो रे," मी म्हणालो. "मला माफ कर."