आक्काच्या दुधाचा उतारा

मी चौथी नापास. तरी खव्याची भट्टी कशी चालवायची, हे मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं. आजोबांनी ती लावली, वडिलांनी वाढवली आणि विझवली मी. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच लिहून ठेवतो.

कळंबच्या बाजारात आमचे पेढे दुपारच्या आत संपायचे. पेढा चांगला, कारण खवा चांगला. आणि खव्याची आमच्या घरची एक रीत होती. ज्यानं दूध आणलं, त्याचं दूध वेगळ्या कढईत आटवायचं. त्यानं समोर बसायचं. खवा झाला की तराजूत घालायचा. किती दुधाला किती खवा पडला, त्याला म्हणायचं उतारा, आणि भाव त्या उताऱ्यावर. दुधात पाणी घालून फसवायची सोयच नव्हती. वडील म्हणायचे, माणूस खोटं बोलंल, कढई न्हाय बोलायची.

बहात्तरच्या दुष्काळातून भट्टी कशीबशी तगली. पुढं दहा-बारा वर्षांनी पावसानं पुन्हा दगा दिला. तोवर गावात दुधाची सोसायटी आली होती. तिथं दूध घातलं की सभासदाला पेंड मिळायची. तरी बरीच घरं माझ्याकडंच यायची, मला त्याचा ताठा होता.

त्यांत एक आक्का होती. नवरा लवकर वारलेला, दारात एकच म्हैस. वडिलांच्या वेळेपासून तिचं दूध आमच्या कढईत. त्या उन्हाळ्यात तिचा उतारा घसरायला लागला. एका सकाळी खवा इतका कमी पडला, की मी तराजू हातात धरूनच बोललो, "आक्का, विहीर आटली म्हणत होता, मग चरवीत पाणी कुठनं आलं?"

पाच-सात माणसं बसली होती. एकजण फिसकन हसला.

आक्का म्हणाली, "भाऊ, म्हशीला उसाच्या वाढ्याबिगर काय बी न्हाय. ती कशातनं खवा दील?"

"आन् बाकीच्यांच्या म्हशी काय बदाम खात्यात व्हय?"

ती उठली. रिकामी चरवी उचलली, पदर सारखा केला आणि गेली. खवा तसाच तराजूत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती सोसायटीच्या रांगेत दिसली. आठवड्यात आणखी चार घरं गेली. हसणाराही गेला. आज तिला बोलला, उद्या आपल्याला बोलंल, असं प्रत्येकाला वाटलं असणार.

बायको म्हणाली, "अवो, जाऊन एक शब्द बोला की. जीभ झिजती का तुमची?"

"चोरी तिनं करायची आन् पाया मी पडू?"

मग आमचाही कडबा संपला. सोसायटीची पेंड मला कोण देणार? घरच्या म्हशीला नुसती उसाची वाढी, तो शेंड्याचा पाला, घातली. आठ-दहा दिवसांनी तिचं दूध आटवलं. धार माझ्यासमोर काढलेली, चरवी मीच भट्टीवर आणलेली. खवा तराजूत घातला. आक्काच्यापेक्षाही कमी भरला. बायको बाजूलाच उभी होती. तिनं तराजूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

पावसाळ्याच्या तोंडी माझ्याकडं कुणाचंच दूध येईना. भट्टी बंद पडली. मग एकदा मी आक्काच्या दारात गेलो. काय बोलायचं ते वाटेनं जुळवत गेलो होतो.

"या भाऊ, बसा," ती म्हणाली. चहा टाकला. "काय काम काढलंत?"

"कडबा हाय का, इकायला?" माझ्या तोंडून निघालं.

तिनं चहाचा कप पुढं सरकवला. "माझ्याकडं कुठला कडबा, भाऊ."

चहा पिऊन उठलो.

त्यानंतर ती सहा-सात वर्षं जगली. सोसायटीची वाट माझ्याच दारावरून. रोज सकाळी समोरून जायची. मी ओसरीवर बसलेला असायचो. बोललो नाही.