वजनानं गेलेली शर्यत

मंडळी, आज दुपारी पांढुर्ण्याच्या फलाटावर माझी वर्ल्ड चॅम्पियनशिप संपली. पाण्यात उतरलोही नाही.

आमची शिडाची होडी दोघांची. दिलीप सुकाणू धरतो, मी कमरेला तार अडकवून बाहेर लटकतो, म्हणजे होडी कलंडत नाही. सुटीत सौंसरला घरी आलो. मधेच रामाकोन्याला संत्री खात रमलो, ते वेगळंच. घरी आई म्हणे, "समुद्रावर लटकते पोरगं, अंगात जोर नको काय?" रोज तूप, रोज शिरा. मीही खात राहिलो.

आज स्पर्धेला निघालेल्या दिलीपची गाडी आली. मी पेटी घेऊन उभाच. त्यानं दारातूनच मला वरखाली पाहिलं.

"काय बे, हे काय करून आला? तिथं वारा हलका राहते. तुले घेऊन होडी हलन काय?"

मागं राखीव गडी बसून होता, अंगानं काडीसारखा.

"यालेच नेतो," दिलीप म्हणाला.

गाडी गेली. सौंसरची बस मी मुद्दाम सोडली. आई साऱ्या गल्लीत सांगून राहिली असन, पोरगा निघाला म्हणून. तुले काहून काढलं, हे ती विचारणारच.

तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?