कोवळ्या बांबूची मोळी

धानोऱ्याकडच्या आमच्या जंगलात एका हंगामात बांबू तोडायला शेजारच्या गावची एक बाई आली होती. नाव मी विचारलंच नाही. तिच्यावर जळण्यातच माझा सगळा वेळ गेला. ती कोयत्याच्या पाठीनं बांबूवर टकटक करायची, मान तिरपी करून आवाज ऐकायची आणि मगच तोडायची. सासू रोज म्हणायची, "तिची मोळी पाह्य अन् तुझी पाह्य!"

मग एक दिवस मी शहाणीनं बेटातले यंदाचेच गुळगुळीत, हिरवेगार बांबू सपासप तोडले. मोळी नव्या नवरीसारखी दिसत होती आणि मी तिच्यापेक्षा जास्त मिरवत होते.

बाईनं एक बांबू अंगठ्यानं दाबून पाहिला. "अवं बाई, हे तं लेकरं हायेत! वाळले का सुरकुतते, घुण लागून आतून पोखरते. लेकरंच तोडले तं पुढं बेटात काय रायते? म्हातारे तोडत जाय."

सासू खदखदा हसली. मला त्या बाईचा कोयता नदीत फेकावासा वाटला.

आवाजावरून बांबूचं वय ओळखणं मला अजून जमत नाही, म्हणून अजूनही जळते. नातीला मात्र ऐटीत शिकवते, "कोवळ्याले हात नको लावू, म्हातारे तोड." ती कोयता घेऊन माझ्याकडे बघत हसते, तेव्हा मी दोन पावलं मागे सरकते.