खिसणी घेऊन आलेला यजमान

"से व्हेन, अंकल," आमचे मॅनेजर निखिल सर म्हणाले आणि अंकलच्या प्लेटवर ट्रफल खिसायला लागले. से व्हेन म्हणजे, पुरे झालं की सांगा.

अंकल काही सांगेचनात. हात जोडून हसत बसले. सर खिसतायत, अंकल हसतायत. मी मागे पाण्याची बाटली धरून उभा.

आधी ट्रफल काय ते सांगतो. जमिनीखाली उगवणारी बुरशी, अळंबीची श्रीमंत मावशी. दिसायला जळका बटाटा. वास न वाळलेल्या मोज्यांचा, पण गेस्टसमोर 'अर्थी', म्हणजे मातीसारखा, म्हणायचं. ती आमच्याकडे ग्रामवर विकायचे. ग्रामला साडेतीनशे. टेबलावर नेण्याआधी किचनमध्ये वजन करायचं, परत आणली की पुन्हा करायचं. जेवढी घटली तेवढी बिलात. मेनूत भाव नाही, नुसतं 'मार्केट प्राइस'. आणि ट्रेनिंगमधला पहिला नियम, गेस्टने विचारल्याशिवाय भाव बोलायचा नाही. मूड जातो म्हणे. कोणाचा जातो, ते सांगितलं नव्हतं.

मी तिथे कॅप्टन होतो. म्हणजे ऑर्डर घेणारा, आणि काही बिघडलं की शिव्या खाणारा. लोअर परळला जुन्या मिलच्या कंपाउंडमध्ये ते इटालियन रेस्टॉरंट. मी कणकवलीचा. आईवडिलांनी नाव दिगंबर ठेवलं, सरांनी बॅजवर डिएगो छापलं. सर स्वतः इटलीत तीन महिन्यांचा कोर्स करून आलेले. तेव्हापासून नाकातून बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला 'बेल्ला', म्हणजे सुंदर, लावायचे. शाळेत मी गॅदरिंगला हेडमास्तरांचा आवाज काढायचो. इथे सरांचा काढायचो. किचनमध्ये त्याला चांगली डिमांड होती.

तर रविवारची दुपार. सुरुवातीचे अंकल म्हणजे परब काका; सोबत काकू आणि त्यांची मुलगी श्वेता. काकांची लालबागला डंक, म्हणजे मसाला कुटायची गिरणी. श्वेता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नुकतीच पर्मनंट झालेली. आईबाबांना एकदा मोठ्या ठिकाणी जेवायला घालायचं, हे तिचं कॉलेजपासूनचं स्वप्न. हे सगळं मला काकूंनी ऑर्डर द्यायच्या आधीच सांगितलं. त्याआधी काकांनी विचारलं, "खयचो रे तू?"

नियम होता, गेस्टशी फक्त इंग्लिश. मी म्हटलं, "फ्रॉम कणकवली, सर."

"मगे इंग्रजीत कित्याक सांगतंस मेल्या?" काकू म्हणाल्या. मी हसलो. डिएगोला एवढंच अलाउड होतं.

खिडकीजवळची दोन टेबलं रिकामी होती. यांना बसवलं चौदा नंबरवर, किचनच्या दाराला लागून. दार उघडलं की काकांच्या खुर्चीला लागणार. मी सरांना म्हटलं, खिडकीत देऊ या. सर म्हणाले, "विंडो इज फॉर अवर क्राउड, डिएगो." काकांच्या शर्टाची इस्त्री इतकी कडक होती की त्यावर पापड लाटता आला असता. पण क्राउड वेगळा पडला.

ब्रेड आला तो गार. पास्त्याला तर वेळच लागला, कारण मोठ्या टेबलावर कंपनीची पार्टी होती आणि किचन सगळं तिकडे धावत होतं. शेवटी आला तेव्हा मी त्यावर चीज खिसून दिलं. ते फुकट असतं. हे लक्षात ठेवा.

काकूंनी एक घास खाल्ला आणि थांबल्या. "शिजला नाय हा रे."

श्वेताने सरांना बोलावलं. सर म्हणाले, "मॅम, धिस इज अल देंते." अल देंते म्हणजे दाताला थोडा लागेल असा शिजवलेला. तो अल देंते नव्हता. कच्चा होता. मी रोज खायचो, मला कळतं. श्वेतालाही कळलं. ती म्हणाली, "मधे पांढरं दिसतंय हो. आईचे दात आधीच दुखतात. बदलून द्या ना."

"चेंज करायला फॉर्टी मिनिट्स लागतील, मॅम." मग सर एकदम गोड झाले. "बट लेट मी मेक इट स्पेशल फॉर यू." आणि ट्रफल नि खिसणी घेऊन आले.

आता तुम्हीच सांगा. जेवण बिघडलं, मॅनेजर सॉरी झाल्यासारखं तोंड करून आला, स्वतःच्या हाताने वर काहीतरी घालतोय. आत्ताच चीज फुकट मिळालंय. कुठल्या माणसाला वाटेल की मीटर पडलाय?

मी नियम मोडला. वाकून मराठीत म्हटलं, "काका, ताटावर हात धरा."

"अरे, यजमान स्वतः वाढायला आलेत," काका म्हणाले. "त्यांचा हात अडवायचा? मंडळाच्या भंडाऱ्यात जन्मभर वाढतोय मी, मला शिकवतोस?" आणि सरांना म्हणाले, "हिला पण घाला. पोरीला पण. पंक्तिभेद नको."

सरांना पंक्तिभेद कळला नाही. 'घाला' बरोबर कळलं.

मी म्हटलं, "काका, हे ग्रामवर..."

"डिएगो," सर नाकातून म्हणाले, "टेबल सिक्सला पाणी. नाऊ."

मी गेलो. परत आलो तोवर तिन्ही प्लेटी काळ्या झाल्या होत्या आणि सर वजन करायला आत गेले होते. काका काकूंना सांगत होते, "बघ, चूक झाली तर मालक स्वतः येऊन वाढतो. याला म्हणतात रीत."

बिल मीच नेलं. श्वेताने फोल्डर उघडला, बघितलं आणि पटकन मिटला. तीन प्लेट पास्त्याच्या कितीतरी पट नुसती बुरशी होती.

"किती झालं गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही बाबा. ऑफर होती."

मग ती उठून माझ्याजवळ आली. हळू बोलली. "हे तर सॉरी म्हणून दिलं होतं ना?"

मी सरांकडे गेलो. सर म्हणाले, "ही डिडन्ट स्टॉप मी. आय सेड, से व्हेन." वर हसले. "दे विल पे. असे लोक वाद घालत नाहीत, त्यांना लाज वाटते." आणि पार्टीच्या टेबलावर फोटो काढायला गेले.

त्यांचं बरोबर होतं. तेच डोक्यात गेलं. श्वेता दाराशी उभी राहून फोनवर बँकेचं ॲप उघडत होती. मला म्हणाली, "पाच मिनिटं द्या. एफडी मोडतेय. बाबांना कळू देऊ नका हं."

मागच्या पँट्रीत इंटरकॉम असतो. मी उचलला, नाक चिमटीत धरलं आणि कॅशियरला लावला. "राकेश, टेबल फोर्टीन, ट्रफल ऑन द हाउस. ब्रेड ऑल्सो. माय गेस्ट्स. बेल्ला, बेल्ला." ऑन द हाउस म्हणजे हॉटेलतर्फे.

"येस सर," राकेश म्हणाला. नवीन बिल निघालं.

श्वेताने ते दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं. "हे कोणी केलं?"

"यजमानांनी," मी मराठीत म्हटलं. "स्वतः वाढलेल्याचे पैसे घेत नाहीत ना."

काका जाताना सरांना शोधून, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "गणपतीत या आमच्याकडे. मी वाढीन तुम्हाला." सरांना काही कळलं नाही. ते 'चाओ' म्हणाले.

सोमवारी हिशेब लागला. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "हू मेड दॅट कॉल?"

राकेश खाली बघत होता. त्याचीही नोकरी जायची वेळ होती. मी नाकातून म्हटलं, "आय डिड, बेल्ला."

दुपारपर्यंत बॅज परत घेतला. डिएगो तिथेच राहिला, मी घरी आलो.

सध्या दादरला एका केटररकडे आहे. लग्नाच्या पंगती. इथे पाहुण्याने हात धरला तरी आम्ही वाढतो, पण ताटामागे ठरलेला भाव आधीच बोललेला असतो. मला सरांचा आलेला राग अजून गेलेला नाही. तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

तुम्हाला एवढंच सांगतो. महागड्या ठिकाणी कोणी खिसणी घेऊन ताटापाशी आला, तर आधी भाव विचारा. चारचौघांत जरा वाईट दिसतं. बिल आल्यावर दिसतं त्यापेक्षा कमीच.