शेजारच्या आजींचे पूर्वज

वेलिंग्टनजवळ लोअर हटला आमच्या शेजारी एक अमेरिकन आजी राहायच्या. लग्न होऊन न्यूझीलंडला आल्या त्याला पन्नासेक वर्षं झाली होती. नवरा वारला होता, मुलगी दूर टाउरंगा शहरात असायची. २०१४च्या हिवाळ्यात एका शनिवारी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. एका हातात फिजोआ नावाच्या फळाच्या जॅमची बाटली, दुसऱ्या हातात जाडजूड खाकी पाकीट.

त्यांच्या बॅप्टिस्ट चर्चचा वर्धापनदिन जवळ आला होता. अमेरिकेत या बॅप्टिस्ट पंथाची सुरुवात कशी झाली, यावर त्यांना वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं, कारण तिकडच्या अगदी सुरुवातीच्या एका चर्चच्या स्थापनेत त्यांचे एक पूर्वज होते. चुलतबहिणीने जुने कागद वाचून, टाइप करून पाठवले होते. पण आजींना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नव्हतं.

"तू वाचून दाखव. मग मी सांगेन ते मोठ्या अक्षरात टाइप कर," त्या म्हणाल्या.

आठवडाभर मी नोकरीसाठी ट्रेनने वेलिंग्टनला ये-जा करायचे. शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात, हीटपंपच्या उबेत बसायला मला आवडू लागलं. चर्चमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माझी समजूत एवढीच, की इंग्लंडमध्ये छळ झाला म्हणून काही लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले आणि तिथे ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने देवाची प्रार्थना केली.

"अजिबात नाही," आजी म्हणाल्या. "छळाला कंटाळून आलेल्यांनीच आमच्या लोकांना तुरुंगात टाकलं."

त्यांचे ते पूर्वज सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये लाकडी पिंपं बनवायचे. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देऊ नये, म्हणजे डोक्यावर पाणी घालून ख्रिस्ती करून घेऊ नये, माणसाने मोठं होऊन, समजून-उमजून तो घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. गावच्या सरकारमान्य चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा सुरू झाला की ते पाठ फिरवून उभे राहायचे. एवढ्यावरून त्यांना कोर्टात उभं केलं. पुढे अशी पाच-सात माणसं रविवारी कुणाच्या तरी घरी जमायला लागली, तेच त्यांचं चर्च. शिपाई आले, धरून घेऊन गेले. सुटल्यावर पुन्हा जमली, पुन्हा आत. अशी काही वर्षं गेल्यावर त्यांनी एक छोटी इमारत बांधली. कशासाठी, ते पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा सरकारने दाराला खिळे ठोकले.

"मग?"

"मग रविवारी ते अंगणात बसले. थंडीत."

माझी नऊ वर्षांची मुलगी तिथेच चित्र रंगवत होती. आम्ही मराठीत बोललो तरी ती उत्तर इंग्लिशमध्येच द्यायची. "दॅट्स सो मीन," ती म्हणाली. आजी हसल्या, त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. टाइप करताना मलाही त्या पिंपवाल्याबद्दल जिव्हाळा वाटू लागला.

चौथ्या शनिवारी पाकिटातला शेवटचा कागद निघाला. त्या पूर्वजांचं मृत्युपत्र. मी मोठ्याने वाचत गेले. पलंग मोठ्या मुलाला. अवजारं धाकट्याला. मुलीला तांब्याची कढई, एक गाय, आणि... मी थांबले.

"वाच ना," आजी म्हणाल्या.

मी वाचलं. एक निग्रो मुलगी. नुसतं पहिलं नाव, आडनाव नाही. ती आणि तिला पुढे होणारी मुलं, कायमची.

"परत वाच."

मी परत वाचलं. आजींनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले होते. मला तर आपण चुकीचा कागद वाचतोय असंच वाटत होतं. बाळाला विचारल्याशिवाय त्याच्या डोक्यावर पाणीसुद्धा घालू नये म्हणून तुरुंगात गेलेला माणूस, आणि तोच जन्मालाही न आलेली मुलं गुलाम म्हणून लेकीच्या नावावर करून गेला.

"हे भाषणात घेऊ नका," मी म्हणाले. "वीस मिनिटांत कितीसं बसणार?"

"तुझे कुणी असते तर तू गाळलं असतंस?"

"हो," मी पटकन म्हणाले.

घरी आल्यावर ते 'हो' मला टोचायला लागलं. माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. दर पंधरा ऑगस्टला इथल्या मराठी मंडळात मी त्यांच्या गोष्टी सांगायचे. आणि त्याच आजोबांच्या घरी संडास साफ करायला येणारी बाई मला आठवली. ती मागच्या दाराशी ओंजळ धरायची आणि माझी आजी वरून पाणी ओतायची, भांडं तिच्या हाताला लागू नये म्हणून. मी लहानपणी कित्येकदा पाहिलं होतं. आजोबा ओट्यावर पेपर वाचत असायचे. इतकी वर्षं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला आईला फोन केला.

"आजी त्या बाईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, तेव्हा आजोबा काहीच म्हणायचे नाहीत?"

"त्या काळी सगळेच तसं करायचे गं."

"पण आजोबा सगळ्यांसारखे नव्हते, असं तूच सांगायचीस."

आई म्हणाली, "तिकडे बसून हे कशाला उकरून काढतेस?" आणि जावयाच्या सर्दीची चौकशी केली.

वर्धापनदिनाला मी मागच्या रांगेत बसले. आजींनी तुरुंग सांगितला, खिळे सांगितले. लोक माना डोलवत होते. मग त्यांनी माझ्याकडून मोठ्या अक्षरात टाइप करून घेतलेलं मृत्युपत्र वाचलं, कढईपासून शेवटपर्यंत, आवाज न चढवता. "हेही आपणच," एवढं बोलून त्या खाली बसल्या. चर्चच्या पाळकांनी पुढचं गाणं जाहीर केलं, तरी पियानो वाजेना. चहाच्या वेळी एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "आजचा दिवस यासाठी नव्हता." आजींना दर रविवारी गाडीने आणणारी मैत्रीण त्यांना न घेताच निघून गेली.

मी त्यांना घरी आणलं.

"मला वाटलं होतं, वाचल्यावर हलकं वाटेल," गाडीत त्या म्हणाल्या. "नाही वाटलं."

महिन्याभराने चर्चची स्मरणिका आली. त्यात भाषण होतं, मृत्युपत्र नव्हतं. आजींना नवल वाटलं नाही. त्यांनी माझ्याकडून त्या एका पानाच्या साठ प्रती छापून घेतल्या आणि पुढच्या रविवारी चर्चच्या दारात उभं राहून जो घेईल त्याला दिल्या. बऱ्याच जणांनी घेतल्या. ती मैत्रीण मात्र पुन्हा त्यांना न्यायला आली नाही. पुढे आजी लेकीकडे टाउरंगाला राहायला गेल्या.

पुढच्या ऑगस्टमध्ये मंडळातून फोन आला, आजोबांबद्दल बोलशील ना? मी म्हणाले, या वेळी त्या ओंजळीबद्दलही सांगेन. पलीकडच्या बाई क्षणभर थांबल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "अगं, कार्यक्रमाला लहान मुलं असतात. मग यंदा तू एखादं गाणंच म्हण ना."

मी गाणं म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.