वायोमिंगमधला गुरुवार

लतिका करंदीकर अमेरिकेत अकरा वर्षं होती, पण राहायचं म्हणून एक दिवसही राहिली नाही. नवरा उल्हास शॉमबर्ग नावाच्या शहरात इंजिनिअर; दर दिवाळीला तो जाहीर करायचा, पुढच्या वर्षी परत. मग घराला पडदे कशाला आणि अंगणात झाड कशाला? तळघरात मात्र भारतात चालणारा दोनशेवीस व्होल्टचा मिक्सर खोक्यात बंद, आणि वर लतिका खलबत्त्यात दाण्याचं कूट करत बसलेली. या शहाणपणाला काय म्हणावं.

१९८४च्या मे महिन्यात उल्हासने मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं छोटंसं घर, भाड्याने घेतलं. जाण्याआधी अमेरिका एकदा डोळे भरून पाहून घेऊ, म्हणाला. वायोमिंगमध्ये त्यांना अवकाळी बर्फाने गाठलं आणि रस्ते बंद झाले. तीन दिवस दोघं कॅम्पग्राउंडवर त्या डब्यात अडकून पडली. एकाने उठायचं तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. काचांवर वाफ, उशांना फोडणीचा वास. उल्हास रोज सकाळी काच पुसायचा आणि म्हणायचा, उद्या नक्की निघू. लतिकाचा जीव गुदमरत होता.

तिच्या पर्समध्ये एक पत्र होतं. घराजवळच्या कॉलेजात तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. गुरुवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. नवऱ्याला ती बोलली नव्हती; घरी पोचल्यावर, बुधवारी सांगू, असा तिचा बेत होता. आज गुरुवार उजाडला होता आणि ती वायोमिंगमध्येच होती.

"उद्या नक्की," काच पुसून उल्हास म्हणाला.

हेच आपण अकरा वर्षं ऐकत आलोय, आणि मान डोलावत आलोय. लतिकाला स्वतःचाच संताप आला. तिने स्वेटरवर कोट चढवला, फोन करून येते एवढंच म्हणाली आणि दार ढकललं. कॅम्पग्राउंडचं ऑफिस शंभर पावलांवर होतं. गुडघाभर बर्फातून तिथे पोचायला तिला वीस मिनिटं लागली.

परत आली तेव्हा बोटं बधिर झाली होती. तिने पत्र उल्हासपुढे ठेवलं. होकार कळवलाय, म्हणाली. त्याने ते दोनदा वाचलं.

"दोन वर्षांचा कोर्स? अगं, पण पुढच्या वर्षी आपण परत जाणार ना?"

"तुम्ही जा," लतिका म्हणाली. "यायचं की नाही, ते मी कोर्स झाल्यावर ठरवीन."