मंजुषाने नापास केलेला उल्कावीर

माझ्या बायकोपुढे कुठलीही वस्तू ठेवायची असेल तर माणसाने आधी देवाचं नाव घ्यावं. मंजुषा चाकणला एका कंपनीत पेंट इन्स्पेक्शनला आहे. गाड्यांचे रंगवलेले पार्ट दिवसभर तिच्यापुढून जातात आणि ती एकेक उचलून, उजेडात तिरपा धरून ओके किंवा रिजेक्ट म्हणते. आता ही सवय कंपनीच्या गेटवर ठेवून घरी यावं की नाही? पण नाही. भाजीवाल्याची वांगी तिरपी, साडीचा काठ तिरपा, मी दाढी करून आलो की माझी हनुवटीसुद्धा तिरपी. लग्नात तिने मला कसं काय पास केलं, कोण जाणे.

तिला नाद आहे तो जुन्या सुपरहिरोंच्या फिगर जमवण्याचा. मी एकदा त्यांना बाहुले म्हणालो होतो. त्यानंतर दोन वेळच्या जेवणात मीठ नव्हतं. लातूरकडच्या आमच्या गावात तिच्या लहानपणी असलं खेळणं, महावीर नावाचा सुपरहिरो, फक्त सरपंचाच्या नातवाकडे होतं आणि त्याला हात लावायचा नाही अशी सगळ्या पोरांना ताकीद होती. इथे चिखलीला राहायला आल्यावर भोसरीच्या एका भंगारवाल्याच्या ढिगात तिला तोच महावीर सापडला, एका पायाने अधू. तो तिने आणला, घासूनपुसून फळीवर ठेवला, आणि तिथून जे सुरू झालं ते आमच्या एकुलत्या एक कपाटावर ताबा मिळवूनच थांबलं.

हळूहळू लोकांना कळलं की चिखलीत एक बाई आहे, ती फिगर बघून अस्सल-नक्कल सांगते. रविवारी चिंचवड, निगडीकडून आयटीतली पोरं पिशवी घेऊन यायची. मंजुषा वस्तू दारात उजेडाला धरायची, सांधे हलवायची, रंगाच्या कडेवर नख फिरवायची, वास घ्यायची. मग निकाल. भाव मात्र कधी सांगायची नाही. "भाव बाजारात विचारा. मी फक्त हा तोच आहे का ते सांगते." कुणी चहा पाजून, गोड बोलून नकलेला अस्सल म्हणवून घ्यायला आला, तर त्याचा चहाही फुकट आणि गोडवाही. कंपनीतही तेच. एकदा गाडी भरून उभी, साहेब घड्याळ बघतायत, आणि ही म्हणाली, रंग सुटलाय, माल जाणार नाही. साहेब ओरडले, मग विनवायला लागले. माल गेला नाही. असल्या बाईशी संसार करणं म्हणजे काय ते मला विचारा.

आम्ही राहतो दौलतअण्णांच्या खोल्यांत. अण्णा मूळचे चिखलीचेच. शेतावर खोल्या उठल्या, आणि उरलेल्या कोपऱ्यात शेड टाकून अण्णांनी लेथ मशीन बसवलं. वय झालं तरी रोज सकाळी मशीनला नमस्कार करून काम चालू. त्यांची बायको कौसल्याबाई, आमच्या मावशी. आम्ही नवेनवे आलो तेव्हा मंजुषाला भाकरी थापायच्या परातीपासून शेजारधर्मापर्यंत सगळं यांनी दिलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचलेला, आणि साऱ्या चाळीवर नजर. मावशी येतायत हे आधी किल्ल्यांच्या आवाजावरून कळायचं.

त्यांचा धाकटा मुलगा निरंजन. ऐन विशीत तापाचं निमित्त झालं आणि गेला. त्याच्या लहानपणचा एक उल्कावीर तेवढा घरात उरला होता. निळा अंगरखा, छातीवर पांढरी उल्का, वीतभर उंची. निरंजन पोर असताना खंडेनवमीला हटून बसायचा की सगळ्या हत्यारांची पूजा होते तर माझ्या उल्कावीराचीही झाली पाहिजे. मग पाटावर नटबोल्टचे पाने, हातोडी, मोजमापाचा व्हर्निअर आणि त्यांच्या रांगेत हा. तेलात कालवलेलं कुंकू त्यालाही. निरंजन गेल्यावरही मावशींनी ते चुकवलं नाही. पूजा झाली की तो पुन्हा काचेच्या कपाटात जायचा.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मावशींनी त्याला पुसायला हातात घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यो आपला न्हाई."

घरात कुणी लक्ष दिलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. रोज म्हणायला लागल्या. थोरला मुलगा अजिंक्य आधी हसला, मग वैतागला, मग घाबरला. आईचं डोकं काम करेनासं झालं असं त्याने ठरवून टाकलं. एकदा गॅस चालू राहिला, एकदा त्या शेजारणीचं नाव विसरल्या. आता गॅस माझ्या हातून महिन्यात चारदा चालू राहतो, मला कुणी वेडा म्हणत नाही, नुसतं गाढव म्हणतात. पण मावशींचं प्रत्येक विसरणं हिशेबात धरलं जाऊ लागलं. मग किल्ल्या काढून घेतल्या. फाटकाला आतून कुलूप लागलं. डोक्याच्या डॉक्टरची वेळ ठरली, आणि त्यांना कुठल्या तरी केंद्रात ठेवावं लागेल असं अजिंक्य चारचौघांत बोलू लागला. मावशींच्या कमरेवरचा तो आवाज बंद झाला, आणि चाळ मला परक्यासारखी वाटू लागली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटायचं.

डॉक्टरकडे जायच्या आधीच्या रविवारी अजिंक्य आमच्या दारात आला. त्याला ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय. आधी पाण्याच्या टाकीचं बोलला, मग पार्किंगचं. शेवटी म्हणाला, "वहिनी, तुम्ही त्यातल्या जाणकार. आईला एकदा सांगा की फिगर तीच आहे. तुमचं ऐकेल ती. तिच्याच मनाला शांतता."

"बघते," मंजुषा म्हणाली.

"बघायचं काय त्यात? सांगायचंय फक्त."

"बघितल्याशिवाय मी सांगत नाही."

तो गेल्यावर मी तिला समजावलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, आपण त्यांच्या खोलीत राहतो, म्हातारीला बरं वाटत असेल तर एक हो म्हणायला काय जातं? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता मी तिरपा होतोय.

"अहो, तोच असेल तर तोच म्हणीन," ती म्हणाली. "नसेल आणि मी तोच म्हटलं, तर मावशीला वेडी मीच ठरवली की."

मी चप्पल घातली आणि तिच्या मागोमाग निघालो.

अण्णांच्या ओसरीवर अजिंक्यने फिगर टेबलावर आणून ठेवली. अण्णा खांबाला टेकून बसले होते, नजर जमिनीत. मंजुषाने टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. ती मावशींना म्हणाली, "मावशी, तुम्ही इकडे तोंड करून बसा, भिंतीकडे. तो न बघता मला सांगा, तुमचा कसा होता?"

वर्षभर त्या बाईला लोक नुसतं 'हो हो' म्हणत होते. कुणी काही विचारलंच नव्हतं. मावशी पदर सावरून ताठ बसल्या.

"डाव्या पायाच्या टाचंला दाताचा व्रण हाय. निरंजननं चावला व्हता, शाळेत जायाचं न्हाई म्हनून. आन काखंत कुकू. दर साली पुसायचे, पन सांध्यातलं निघायचं न्हाई. हात वर केला की लाल दिसायचं."

"आई, हे तुझ्या मनातलं आहे गं," अजिंक्य म्हणाला.

"अजिंक्यभाऊ, तपासणी चालू आहे," मंजुषा म्हणाली. कंपनीतल्या साहेबालाही ती याच आवाजात गप्प करत असावी. तो मागे सरकला.

मग तिने उल्कावीर उचलला आणि ओसरीच्या कडेला उन्हात गेली. तिरपा धरला. पाठ, पोट, पाय. हात हळूच वर केला, खाली केला. ओढणीच्या टोकाचा एक पांढरा धागा तोडून तिने काखेच्या सांध्यातून ओढून काढला, पुन्हा ओढला, आणि उन्हात धरला. मग टाचेवर नख फिरवत किती तरी वेळ उभी राहिली. मी मनात म्हणत होतो, म्हण गं बाई, तोच आहे म्हण, नाही तर आज सामान रस्त्यावर.

"धाग्यावर काळी धूळ आलीय, लाल काहीच नाही," ती म्हणाली. "पण ते कुणी धुतलंही असेल, म्हणून त्यावर मी जात नाही. टाच बघा. दाताचा व्रण बुजवता येतो, पण मग वरून नवा रंग द्यावा लागतो. इथे कारखान्याचाच रंग आहे, एकसारखा, न फुटलेला. या टाचेला कधी कुणाचा दात लागलेला नाही. वस्तू अस्सल आहे, जुनी आहे. पण ही मावशींची नाही."

अजिंक्य उसळला. "वहिनी, तुम्हाला कशाला बोलावलं होतं? आता तिला आणखी चढेल! दातबीत सगळं तिच्या डोक्यातलं. तिच्या म्हणण्यावर तुम्ही विश्वास ठेवता?"

"म्हणण्यावर ठेवते असं मी कुठं म्हटलं? हा तो नाही एवढं मी म्हणते. तुमचा चावलेला कुठं आहे ते तुम्ही बघा. तो सापडेपर्यंत मावशींचं डोकं बिघडलंय असं माझ्यापुढे कुणी म्हणायचं नाही."

"आपण कुणाच्या घरात उभे आहात ते तरी..."

"माहीत आहे. खोली आजच सोडा म्हणालात तर सोडते. पण हा तो नाही."

ती हलली नाही. मला खोटं बोलता येत नाही म्हणून सांगतो, त्या क्षणी मी मनात सामान बांधत होतो आणि छाती फुगलेली होती. मीही तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात खांबाशी हालचाल झाली. अण्णा उठले. कुणाकडे न बघता शेडकडे गेले. ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मशीन पुसायच्या सुती चिंध्यांचं गाठोडं होतं. ते त्यांनी मावशींच्या मांडीवर ठेवलं आणि खालीच बसले.

मावशींनी चिंध्या उलगडल्या. आत निळा उल्कावीर होता. त्याला तोंड नव्हतं. डोळे, नाक, ओठ सगळं एकमेकांत फासलं जाऊन गुळगुळीत झालं होतं, लहान पोराने ओल्या मातीवरून तळवा फिरवावा तसं.

"मागल्या साली पूजा झाल्यावर," अण्णा म्हणाले, "तोंडावर कुकवाचा थर बसला व्हता. म्हनलं चकचकीत करून ठिवावा, तुला बरं वाटंल. मशीन पुसतो तसा थिनरनं पुसला. एका हातात समदं तोंड निघून आलं. पोराचं तोंड म्याच पुसलं, कौसल्ये. तुला दाखवायची छाती झाली न्हाई. दुसरा हुडकून आनला."

आयुष्यभर ज्या माणसाने कुठलीही मळकी वस्तू थिनरनेच स्वच्छ केली, त्याने प्रेमानेही तेच केलं होतं. थिनरने प्लास्टिक विरघळतं हे त्या वेळी त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांच्याकडे बघून रडू येत होतं.

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी उल्कावीराची टाच बोटाने चाचपली. हात वर केला. काखेत लालभडक कुंकू होतं. अजिंक्यने ते बघितलं आणि खाली मान घातली.

"ह्यो माजा," मावशी म्हणाल्या. मग अण्णांकडे वळल्या. "त्याचं तोंड गेलं त्याचं मला काय न्हाई. चुकून झालं. पन वरीसभर मी कानीकपाळी वरडत व्हते, पोरगं मला येडी म्हनत व्हतं, आन तुमी ऐकून घेत व्हता. त्याचं तोंड थिनरनं पुसलं, माजं डोस्कं कशानं पुसाया निगाला व्हता?"

अण्णा खाली पडलेल्या चिंध्या गोळा करू लागले.

अजिंक्य हळूच म्हणाला, "आई, मी डॉक्टरची वेळ रद्द करतो."

"कशापायी? वेळ घेतलीय न्हवं? ह्यास्नी घिऊन जा." आणि त्यांनी हात पुढे केला. तळवा वर, बोटं सरळ. अजिंक्यला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कमरेला खोचला, उठल्या आणि फाटकाचं कुलूप स्वतः उघडून आल्या.

दुसरा उल्कावीर त्यांनी मंजुषाला दिला. "ह्याचा काय दोष? ह्यालाबी घर लागतंय." तो आता आमच्या कपाटात आहे. खोली आम्हाला कुणी सोडायला सांगितली नाही.

खंडेनवमीला आम्ही शेडमध्ये पूजेला गेलो. पाटावर पाने, हातोडी, व्हर्निअर आणि रांगेत बिनतोंडाचा उल्कावीर. अण्णा कुंकवाची वाटी घेऊन त्याच्यापाशी थबकले, आणि वाटी मावशींपुढे धरली. मावशींनी ती घेतली नाही. "तुमीच लावा," म्हणाल्या. अण्णांनी बोटाने, कपाळ असायला हवं होतं तिथे, अंदाजाने कुंकू लावलं. मंजुषाने ते तिरप्या नजरेने बघितलं आणि हात जोडले.

शेडमधला थिनरचा डबा आता मावशींच्या कपाटात, कुलपात असतो. अण्णांना लागला की ओसरीवर येऊन मागावा लागतो. मावशी कमरेची किल्ली काढतात, पण कुलूप उघडण्याआधी दर वेळी विचारतात, "काय पुसायचं हाय?"